इथपर्यंतच बुडवा

टिळेकरांनी पाणी तापवायचा रॉड मानक समितीसमोर टेबलावर ठेवला. दांड्यावर लाल रेघ होती आणि शेजारी छापलं होतं, ‘इथपर्यंतच बुडवा’. नियमाप्रमाणे त्यांनी ती आधी ओल्या फडक्यानं घासली, मग हेक्झेन या द्रावकात भिजवलेल्या फडक्यानं. रेघ जशीच्या तशी राहिली.

“झालं की! पास,” अध्यक्ष करंदीकर म्हणाले.

“चाचणीत लिंबाचा रसही घाला.”

“अहो टिळेकर, चाचणी करायचीय की सरबत?”

सगळे हसले. टिळेकरांनी पिशवीतून अर्धं लिंबू काढून रेघेवर घासायला घेतलं. हळूहळू लाल रंग फोडीवर उतरला.

“रॉडवर पांढरा थर धरतो. माझी बायको तो लिंबानं काढायची,” ते म्हणाले. “त्यात रेघ गेली. एक दिवस तिनं रॉड मुठीपर्यंत बुडवला आणि शॉक बसून गेली.”

करंदीकरांनी पेनाचं टोपण काढलं.

“लिंबाचा रस,” ते लिहिता लिहिता म्हणाले. “किती वेळ घासायचं, म्हणून लिहू?”

“थर निघेपर्यंत.” टिळेकर लिंबाची फोड कागदात गुंडाळत होते. “तिला सगळं लख्ख लागायचं.”