काडीचं वजन

काडी काही केल्या वजनकाट्यावर उभी राहीना. चारही पाय ताठ करून ती कुत्री ड्रायव्हरकाकांच्या बुटांमध्ये घुसली आणि तिथेच फतकल मारून बसली.

“मागच्या वेळेसारखंच करू,” कुत्र्यामांजरांची ती तरुण डॉक्टर म्हणाली. “आधी तिला घेऊन उभे राहा, मग तुम्ही एकटे. वजाबाकी मी करते.”

काकांनी काडीला उचललं. पिल्लू असताना ती मुठीएवढी होती, अंगावर नुसती हाडं होती, तेव्हा काकांच्या थोरल्या बहिणीनं, ताईनं, तिचं हे नाव ठेवलं होतं. आता कुणी नाव विचारलं की काका आधी घसा खाकरायचे. बाहेरच्या बाकावर मांजर घेऊन बसलेली बाई मघाशी म्हणालीच होती, “काडी? अहो, हा तर अख्खा ओंडका!”

दोघांचं वजन झालं. काडीला खाली ठेवून काका एकटे काट्यावर चढले. एकतीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला नुसतं उभं राहायची सवय नसते. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना.

“नऊ किलो सातशे!” डॉक्टर कार्डावर लिहीत म्हणाली. “सहा आठवड्यांत आठशे ग्रॅम उतरवलंत, काका. माझ्याकडचे निम्मे लोक ‘काहीच खात नाही हो’ म्हणतात आणि पुढच्या खेपेला आणखी गुबगुबीत करून आणतात.”

“तुम्ही सांगितलंत तसंच केलं,” काका खुलले. “खाणं वाटीनं मोजून. दोन वेळा फिरणं. माझ्या ताटातला घास नाही म्हणजे नाही. पहिले चार दिवस फार रडली. मग समजली.” बऱ्याच दिवसांत त्यांना कुणी शाबासकी दिली नव्हती.

डॉक्टरचं पेन मात्र कार्डावरच थांबलं होतं. ती शेजारचे आकडे बघत होती.

“मागच्या वेळी तुम्ही एकटे बासष्ट किलो नऊशे होतात.”

“असेन.”

“आज सत्तावन्न नऊशे.”

काका वाकून काडीच्या पट्ट्याशी चाळा करू लागले. “काटा फिरला असेल तुमचा.”

“पाच किलोंनी? बरं नाही का तुम्हाला?”

“मला काय धाड भरलीय!”

स्टूल ओढून डॉक्टर त्यांच्यासमोर बसली. बाहेर मांजर गुरगुरलं. शेवटी काकाच बोलू लागले.

“त्याचं काय आहे, घरात आम्ही दोघंच. मी आणि ताई. जेवताना ती समोर बसायची, ताट स्वच्छ झाल्याशिवाय मला उठू द्यायची नाही. ती गेली, तेव्हापासून तिच्या खुर्चीवर ही. एक घास मला, एक हिला. असं चाललं होतं आमचं.” काकांनी काडीच्या डोक्यावर हात ठेवला. “तुम्ही म्हणालात, ताटातलं देऊ नका. बरोबरच आहे ते. पण ती समोर बसून बघते हो. म्हणून मी दार लावून ओट्याशी उभ्यानं खायला लागलो, तर बाहेरून दार खरवडते. मग एक दिवस चहावर भागवलं. पुढे तेच अंगवळणी पडलं. एकट्यासाठी कुठे भांडी काढायची?”

डॉक्टरनं कार्ड पुन्हा जवळ ओढलं. काडीच्या सूचनांखाली तिनं आणखी एक ओळ लिहिली आणि कार्ड काकांपुढे केलं. काकांनी चष्मा लावून वाचलं: ‘काकांचं ताट पूर्ण संपल्याशिवाय काडीची वाटी भरू नये.’

“हे हिच्यासाठी?”

“तिच्याच कार्डावर लिहिलंय ना? आधी घरातलं मोठं माणूस, मग ती. वजनाला शिस्त बरी असते.” डॉक्टर त्यांच्याकडे न बघता टेबल आवरत होती. “तुम्ही जेवला नाहीत तर ती उपाशी राहील. मग मला विचारू नका.”

काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला. “मी काही दुधखुळा नाही, डॉक्टर.”

“नाहीच आहात. म्हणून तर लिहून दिलं.”

घरी आल्यावर त्यांनी फडताळातलं पातेलं काढलं. आतून बोट फिरवलं, तर धूळ. ते घासून त्यांनी भात लावला, बटाटे चिरले. हाताची सवय गेली होती. भाजीत मीठ जास्तच पडलं. एक वाजून गेला होता. खिडकीतून समोरच्या घरातल्या भांड्यांचा, बोलण्याचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते.

काका ताट घेऊन टेबलाशी बसले. काडी समोरच्या खुर्चीवर चढली. तिला मागून टेकू द्यायला काका अर्धे उठले होते, पण आज तिची ती चढली.

पहिला घास खारट लागला. पाण्याबरोबर गेला. दुसरा घास घेतलेला हात टेबलावरून पलीकडे निघाला, मध्येच थांबला आणि परत फिरला. काडीची मानही त्या हाताबरोबर पुढे गेली, मागे आली.

तिसरा घास. चौथा. काडीनं पुढचे दोन्ही पाय टेबलाच्या कडेवर ठेवले. ती काकांच्या ताटाकडे बघे, मग तोंडाकडे. त्यांचं चावून व्हायची ती वाट बघत होती.

“थांब गं,” काका भरल्या तोंडानं म्हणाले. “अजून निम्मं ताट आहे.”