पोकळ पिस्ते

"तोडू का ह्याला? बोल, तोडू?" उरकुयाने कुऱ्हाड डोक्यावर उचलली.

आता सून बेगायिमने पिस्त्याच्या झाडाला मिठी मारून म्हणायचं होतं, "नको, पुढच्या वर्षी नक्की फळेल." नवरोजच्या, वसंतातल्या नववर्षाच्या, आधी वांझ झाडाला असाच दम देतात. एकाने मारायला धावायचं, दुसऱ्याने गयावया करायची. या घरात धावायचं काम सासूचं. गयावया सुनेची.

बेगायिमने मिठी मारली. खरखरीत साल गालाला टोचली. "नको आपा, पुढच्या वर्षी..." सासूला ती नवऱ्यासारखंच आपा, म्हणजे आई, म्हणायची.

"मोठ्याने बोल! झाडाला ऐकू जाऊ दे. खातं, पितं, सावलीत बसून राहतं, आणि देतं काय? फोडावं ते टरफल पोकळ!"

बोलणी कुठल्या झाडाला चाललीयेत ते कुंपणापलीकडच्या शेजारणीलाही कळत होतं. बेगायिमच्या लग्नाला चार वर्षं झाली होती. डॉक्टर झाले, नवस झाले, ओकारी येईल असले काढे झाले. मूल नाही. नवरोज झाला की भाऊ येऊन तिला कायमचं माहेरी नेणार होता. आणि तिचा नवरा, उलान, पायरीवर बसून निवांत चहा भुरकत होता! जणू शेजारणीचीच पाठवणी होती.

"आपा, पुरे करा आता!" तोच वैतागला. वनखात्यात कामाला होता, पिस्त्यांचे डोंगर त्याने पालथे घातले होते. "दर वर्षी काय हा तमाशा! झाडाचा काय दोष? ही मादी आहे. पिस्त्यात नर झाड वेगळं असतं. त्याचे पराग आले नाहीत तर ही बिचारी टरफलं धरते, पण आत दाणा भरणार कुठून? नराकडूनच काही आलं नाही, आणि तुम्ही मादीला कुऱ्हाड..."

त्याने घाईघाईने चहाचा पेला तोंडाला लावला.

बेगायिमने झाड सोडलं. "अहो," ती म्हणाली, "परत एकदा सांगा ना. मला नीट ऐकू आलं नाही."

उलानचे कान लालबुंद झाले. शेजारीण कुंपणाला आणखीच चिकटली.

उरकुयाने झाडाकडे पाहिलं. सुनेकडे पाहिलं. मग मुलाकडे पाहतच राहिली. कुऱ्हाड हळूच खाली आली.

"सूनबाई, तुझ्या भावाला येऊ दे गाडी घेऊन," ती म्हणाली. "ओश शहरातल्या डॉक्टरकडे या वेळी ह्याला पाठवू."