डिझेल कमी दाखवतंय

दरवाजा बंद. बॅटरी ठीक. आग नाही. डिझेल पुरेसं.

विहिरीच्या तळाशी चिखल, चिखलात रुतलेली कुणाची तरी पितळी वाटी.

सिद्धगडाकडून गरम वारा.

हंड्यांची रांग. त्यात एक नवाकोरा, रुखवतातला, अजून पाणी न लागलेला.

मुरबाडच्या एका सरकारी ऑफिसात पंखा चालू, खुर्ची रिकामी.

"साहेब म्हनतो टँकर तुमच्याकडं येऊन गेला," चंदर तिथून फोनवर सांगत होता.

"नि तुमी ऐकून घेतलं?" सुंदरानं विचारलं.

"काय करू? त्यांच्याकडं तसंच दिसतं."

सुंदरानं फोन बंद केला. वाडीत पाण्याचा टिपूस नव्हता रविवारपासून. वाडीच्या डोक्यावर मोबाईलचा टॉवर उभा होता, तिचा नवरा चंदर त्याचा वॉचमन. आज चावी आणि कंपनीनं दिलेला फोन सुंदराकडे ठेवून तो पाण्याचं विचारायला गेला होता. जाताना बूट घालून गेला होता, साहेबापुढं जायचं म्हणून. सुंदराला त्या बुटांचाच जास्त संताप आला.

टॉवरखालच्या केबिनमध्ये एक पेटी होती. मुंबईचा कॉम्प्युटर तिला दर थोड्या वेळानं विचारतो, आहेस का, बरी आहेस का. पेटी उत्तर देते. मधेच काही बिघडलं तर विचारायची वाट न बघता आपणच ओरडते. हे सगळं टोकावड्याच्या संदेशनं सांगितलं होतं. तो टॉवरचा मेकॅनिक. "इतकी चौकशी तर बाळंतिनीची पन करीत नाय कोन," सुंदरा तेव्हा म्हणाली होती.

आता ती हंडा घेऊन टॉवरकडे चढली. केबिनच्या मागं, उघड्यावर जनरेटर होता. तिनं त्याच्या टाकीचं झाकण फिरवलं, डिझेल किती उरलं ते पेटीला कळवणारा, वायरीला लटकलेला फ्लोट बाहेर ओढला आणि आपल्या रिकाम्या हंड्यात सोडला. तळाला लागून तो खणकन वाजला.

ती सावलीला बसते न बसते तोच फोन आला.

"चंदर वॉचमन आहेत का? मुंबईहून बोलतेय. तुमच्या साइटला डिझेल कमी दाखवतंय."

"डिझेल हाय. पानी नाय."

"सॉरी?"

"पानी नाय वाडीत. रविवारपासनं."

पलीकडे कीबोर्डची खटखट झाली. "ताई, पाण्याचं आमच्याकडे दाखवत नाही. डिझेलची गाडी निघालीय, येईलच."

गाडी खरंच आली. इंजिनाचा आवाज ऐकून बाया हंडे उचलून धावल्या. जीप दिसली तशा परत फिरल्या. एकीनं जीपकडे बघून रस्त्यावर थुंकलं.

संदेश डिझेलचा कॅन घेऊन चढत वर आला. हंड्यातला फ्लोट बघून त्यानं कॅन खालीच ठेवला.

"काकी, काय गो ह्ये? मुंबईला सगळं लाल झालंय. माझी नोकरी खाशील."

"तुज्या पेटीला तहान लागली तं जीप येते. आमाला लागली तं टँकर येऊन गेलेला असतो."

"तिला शिकवलंय तेवढंच ती बोलते. दरवाजा, बॅटरी, डिझेल, आग. पाण्याची वायरच नाय तिला."

"मग लाव."

"लावून काय? तिकडं कॉम्प्युटरात त्या वायरीला नाव द्यावं लागतं. नाव नसलं तर ती ओरडली तरी कोन बघनार नाय."

"आमाला नावं हायेत रे. आमच्याकडं कोन बघतो?"

संदेशनं फ्लोट फडक्यानं पुसून टाकीत सोडला, झाकण घट्ट केलं. लगेच त्याच्या खिशातला फोन वाजला. "हो मॅडम. ठीक दाखवतंय ना आता? वायर लूज होती," तो म्हणाला, आणि सुंदराकडे न बघता कॅन उचलायला वाकला.

"खोटं पन तूच बोललास," सुंदरा म्हणाली.

"तुलाच वाचवलं, काकी."

"संदेश, आग लागली तं काय पाठवतात?"

"बंब. मुरबाडवरनं."

"रिकामा?"

संदेश हसायला गेला आणि तोंड उघडं ठेवूनच थांबला.

सुंदरानं कमरेची चावी काढली. केबिनचं कुलूप उघडलं, दार भिंतीला टेकेपर्यंत ढकललं. छताला धूर ओळखणारं पांढरं यंत्र होतं, ते तिनं नीट बघून घेतलं. मग बाहेर येऊन कुंपणाकडेचं वाळलं गवत उपटायला लागली.

संदेशचा फोन पुन्हा वाजला. दरवाजा उघडा दाखवत असणार. फोन हातात धरून तो उभा राहिला, उचलला नाही.

"काकी, आत मशीन हाय. लाखांचं."

"मशीनला कोन हात लावतो? धूर करते नुसता." कवळाभर गवत घेऊन ती वळली आणि उतारावरून खाली ओरडली, "ठके, हंडे परत रस्त्याला लावा गो. गाडी वळायला जागा सोडा."

खाली बाया उठल्या. हंडे पुन्हा रस्त्याकडेला लावायला लागल्या.

टॉवर बांधताना त्याचा सिमेंटचा पाया भिजवायला पाणी वाडीच्याच विहिरीतलं गेलं होतं. ते सुंदरानंच डोक्यावरून वाहिलं होतं.