लॅपटॉपच्या पोटातलं ऑफिस

हार्ड डिस्क रिकामी आहे, फॉरमॅट करायची का, असं निळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या अक्षरांनी विचारलं. तिनं एंटर दाबलं.

"चिमे, बापाला सांभाळायला बोलावलं तुला, आणि तू गेम खेळत बसलीस?" दादा मागे येऊन उभा राहिला.

"गेम नाही. अण्णांच्या ऑफिसात होता तसा कॉम्प्युटर. ते यंत्र आता कुठे मिळत नाही, म्हणून लॅपटॉपच्या पोटात एक खोटा तयार करतेय. त्यात ती जुनी सिस्टीम, आणि तिच्यावर त्यांचा घरांचे नकाशे काढायचा प्रोग्राम. तो समोर आला की बसतील ते एका जागी."

"आणि नाही बसले तर?"

तिनं पुन्हा एंटर दाबलं. रिटायर होऊन जमाना झाला तरी अण्णा काल पुन्हा ऑफिसला निघाले होते. पायात नुसते मोजे घालून चौकाच्या मधोमध सापडले. दादानं वृद्धाश्रमाशी बोलणी सुरू केली होती. तिनं एक दुपार मागून घेतली होती. अण्णा घरात टिकतात एवढं दाखवायचं. मग ते इथेच राहतील, असं दादा म्हणाला होता.

अण्णा सोफ्याच्या कडेला रिकामी बॅग मांडीवर घेऊन बसले होते. "उशीर होतोय," ते मधूनमधून म्हणत आणि दाराकडे बघत. कडी आता त्यांचा हात पोचणार नाही इतकी वर बसवली होती.

सिस्टीम लागली. आधी माउस हलेना, मग रंग धड दिसेनात, तेही जमलं. प्रोग्राम मात्र मुदत संपल्याचं सांगून मिटला. तिनं त्या खोट्या कॉम्प्युटरचं घड्याळ पंचवीस वर्षं मागे नेलं. प्रोग्राम मुकाट्यानं उघडला.

"अण्णा, या. साहेबांनी शीट मागितलीय."

अण्णांनी बॅग खाली ठेवली, चष्मा पुसला. डावा हात आपसूक कीबोर्डवर गेला, उजवा माउसवर. एक अक्षर, एंटर, एक रेघ. मग दुसरी. जिना होता तो. शर्टाची बटणं खालीवर लावणारी ती बोटं इथे एकदाही अडखळली नाहीत.

"तारीख कुठली टाकू?"

"कोपऱ्यात दिसतेय तीच."

"हं." त्यांनी टाकली. शेजारी ठेवलेला चहा निवून गेला. दाराकडे त्यांनी मान वळवली नाही.

दादा बराच वेळ बघत राहिला. "हे ह्याच लॅपटॉपवर चालतं का?" त्यानं हळूच विचारलं.

"छे! तीच तर गंमत आहे," ती फुलून म्हणाली. "अख्खा कॉम्प्युटर म्हणजे एक फाइल. पेनड्राइव्हवर घे आणि कुठेही ने. कुठल्याही यंत्रावर लाव, अण्णांचं ऑफिस सुरू!"

दादाचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"मग प्रश्नच मिटला. तिथे आश्रमात कॉम्प्युटर आहेत, मी बघून आलोय. त्यांची अडचण एकच होती. पळून जाणारा माणूस ते ठेवून घेत नाहीत."

"दादा, तू म्हणाला होतास, घरात टिकले तर..."

"टिकले ना. तुझे उपकार आहेत, चिमे." त्यानं किल्ल्यांच्या जुडग्यातला पेनड्राइव्ह काढून तिच्यापुढे धरला. "नाहीतर अण्णांना तुझ्याकडे घेऊन जा. आत्ता. गाडी मी करून देतो."

तिनं पेनड्राइव्ह घेतला.

कॉपी करायची तर खोटा कॉम्प्युटर आधी बंद करावा लागतो. ती अण्णांच्या शेजारी वाकली.

"एवढी वरची पायरी," अण्णा म्हणाले.

तिनं बंद केला. रेघा विझल्या.

"लाइट गेली वाटतं," अण्णा म्हणाले. डोक्यावर पंखा गरगरत होता.

"हो, अण्णा."

"येईल." त्यांनी माउसवरचा हात काढला नाही. "आल्याशिवाय मी काही इथून हलत नाही."