आदर्श नवरा

"तिला मिसळ नको, इडली आणा," असं वेटरला सांगत माझ्या होणाऱ्या जावयाने शाल्मलीच्या हातातलं मेनूकार्ड अलगद काढून घेतलं.

हा प्रसंग मीच लिहिला होता. माझ्या मालिकेतला नवरा असंच मेनूकार्ड काढून घेतो आणि मग बायकोचे कपडे, मैत्रिणी, नोकरी, सगळं तोच ठरवू लागतो. ज्या माणसासोबत मी अकरा वर्षं घुसमटले, त्याच्यावरूनच तो बेतला होता. बघणाऱ्या बायकांनी वेळीच सावध व्हावं, म्हणून.

त्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. 'किती जपतो तिला!' म्हणाल्या. वाहिनीने 'आदर्श नवरा' म्हणून बक्षीस दिलं. मी कुरकुरले, तर निर्माता म्हणाला, "मॅडम, लोकांना आवडतोय ना? मग चालू द्या." आणि मी, मूर्ख, आणखी तीनशे भाग लिहीत राहिले.

शाल्मलीला शाळेत असल्यापासून मिसळीवर जादा तर्री लागते. "अगं, तुला इडली कधीपासून..." मी सुरुवात केली.

ती लाजून माझ्या कानात कुजबुजली, "असू दे गं आई. अगदी तुझ्या मालिकेतल्यासारखा आहे ना? म्हणून तर हो म्हटलं."