वादळरावाचा आवाज

“वादळरावाचा आवाज जर का चुकला, तर मध्यंतरालाच उठतो बघा,” कोल्हापूरचे सरनोबत मास्तर मांडीवरची चित्रकादंबरी कुरवाळत म्हणाले. वीस वर्षं पुस्तकातल्या फुग्यांत बोलणारा आमचा नायक आज सिनेमात पहिल्यांदा तोंड उघडणार होता.

“मी तं त्याले वऱ्हाडीतच वाचलं नं जी!” अकोल्याच्या देशकरबाई मागून कडाडल्या.

वादळरावानं तोंड उघडलं आणि, खोटं सांगत असेन तर जीभ झडो, थिएटरचा आवाजच गेला. पडद्यावर ओठ नुसतेच हलू लागले. मग त्याचं पुस्तकातलं, सगळ्यांना पाठ असलेलं वाक्य साडेतीनशे वाचक एकदम गरजले, ज्याच्या त्याच्या बोलीत. छपराचे दोन पत्रे उडाले.

तेवढ्यात सिनेमाचा आवाज परत आला. सरनोबत मास्तर ऑपरेटरवर खवळले, “बंद कर की ते, लेका! आमचा वादळराव बोलायलाय!”