वेगळी खोली

हेमकांतला अ‍ॅस्पर्जर, म्हणजे स्वमग्नतेचा एक प्रकार होता. साखर कारखान्याच्या लॅबमधलं काम तो चोख करी, पण घरात सगळं आईच्याच हाताने. तरीही प्रमिलाबाईंनी त्याला शहाद्यात वेगळी खोली घेऊन दिली.

"आसा पोऱ्याले कोनी एकटं टाकस का?" त्यांची जाऊ शीला तोंडावर म्हणाली.

सुरुवातीला कुकरची शिट्टी झाली की तो कान दाबून बाहेर पळायचा, आईला फोन करून रडायचा. त्या फोनवरच धीर द्यायच्या, जायच्या मात्र नाहीत. मग त्यांनाही घास उतरायचा नाही.

आज त्याने स्वतःहून त्यांना जेवायला बोलावलं. त्याच्या हातची खिचडी त्यांनी दोनदा मागून घेतली. परतताना एसटी स्टँडवर बसून फोन लावला.



"डॉक्टरसाहेब, आते मी दाखल व्हवाले तयार शे. मन्हा पोऱ्या मन्हाबिगर ऱ्हावाले शिकना."